काजळी पडलेलं पान

कारखान्याचा भोंगा परवा वाजला. दिवाळी आटोपली की तो वाजणार हे ठाऊक असतं, तरी पहिल्या भोंग्याला हातातलं काम थांबतंच. मी ओट्यावर दळण निवडत बसले होते. मान वर करून आधी चिमणीकडे पाहिलं, मग दोरीवरच्या कपड्यांकडे. देवळाली प्रवराच्या या पट्ट्यात पुरुष हंगाम टनांत मोजतात. आम्हा बायकांचा हंगाम काजळीपासून सुरू होतो.

ज्यांच्या गावाजवळ कारखाना नाही त्यांना काजळी सांगावी लागते. उसाचं चिपाड भट्टीत जळतं, त्याची काळी भुरभुर चिमणीतून वर जाते आणि वारा नेईल तिथे निवांत खाली येते. दह्यावर, कुरडयांवर, पाहुण्याच्या टोपीवर, उघड्या पुस्तकावर. तिला बोट लावायचं नसतं. बोट लावलं की काळी रेघ उठते आणि ती रेघ मग कशानेही जात नाही. फुंकर मारायची, चहावर मारतो तशी. बाहेरून आलेली माणसं हटकून बोट लावतात. आमच्या वाचनालयातल्या पुस्तकांत अशा रेघा जागोजागी आहेत, आणि त्या बघून ते पुस्तक आपल्याकडच्या माणसाने वाचलं की बदलीवर आलेल्या कुणा साहेबाच्या घरी जाऊन आलं, हे मी सांगू शकते.

हे सांगू शकते, कारण मी संशयी बाई आहे. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर दिली तर मी वांगी पुन्हा एकदा उलटून बघते. कुणी फार गोड बोललं की माझे कान टवकारतात. माझी लेक म्हणते, "आई, तुला देव भेटला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील." मागेन की. मागितलं म्हणून बिघडलं काय?

त्याच लेकीने मला मोबाईलवरच्या वाचकांच्या एका ग्रुपात घातलं. तिचं म्हणणं असं की मी घरात ज्याला त्याला धरून पुस्तकातलं सांगत सुटते आणि ऐकणारे कंटाळतात. ग्रुपाचा नियम साधा होता. रोज वाचलेल्या एका पानाचा फोटो टाकायचा आणि त्यात काय आवडलं ते दोन ओळींत लिहायचं. मुखपृष्ठ चालणार नाही, पानच हवं. मुखपृष्ठ कुणीही कुठूनही उचलून टाकतं, हे ग्रुप चालवणाऱ्यांच्याही लक्षात आलं असणार. नियम वाचून मला बरं वाटलं. आपल्यासारखंच कुणीतरी आहे म्हटलं.

तरी आपलं खरं गाव कशाला सांगा, म्हणून मी 'सुधा, नाशिक' असं लिहून आत शिरले. नाव माझं नाही आणि नाशिकला मी लग्नाला तेवढी जाऊन आले आहे.

आत शिरल्यावर पहिले काही दिवस मी नुसती पाहत होते. एक गृहस्थ रोज एक जाडजूड पुस्तक संपवत. एका बाईंच्या पानावर कायम मोगरा, पण पान मात्र चौथ्यांदा तेच. एकांच्या पुस्तकाला कधी घडी म्हणून पडलेली नाही, दुकानातून आणलं तसं कोरं. मी प्रत्येकाला शाबासकीचा अंगठा पाठवायचे आणि मनात प्रत्येकावर काट मारायचे. उरली एकच, 'वैदेही, पुणे'.

तिच्या फोटोत मोगरा नव्हता, कॉफीचा मगही नव्हता. पान जरा तिरकं, कडेला कधी चष्म्याची डबी, कधी दोऱ्याचं रीळ. आणि ती लिहायची ते वाचूनच लिहिलेलं असायचं. एका कथेतली बाई नवऱ्याशी भांडल्यावर पीठ जरा घट्ट मळते, एवढ्या एका ओळीवर तिने लिहिलं होतं, "लेखकाने हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं आहे." मी ते वाचलं आणि पोळ्या तशाच ठेवून उत्तर लिहिलं, "आणि पोळ्या कडक झाल्यावर नवरा काय म्हणाला ते मात्र त्याने लिहिलं नाही." तिथून आमचं सुरू झालं. ग्रुपावर थोडं, बाजूला जास्त. दुपारची जेवणं आवरली की मी ओट्यावर बसायची आणि मोबाईल टिंग वाजायचा. आमचे हे पेपराआडून बघायचे.

"कोन हाय गं एवढं?"

"पुण्याच्या एक बाई हायेत. वाचतात."

"बाईच हाय कशावरून?"

हे बोलले आणि मला दोन दिवस पुरलं. संशय आमच्या घरात दोघांनाही आहे. म्हणूनच आमचा संसार टिकला, असं मला वाटतं.

वैदेहीने एकदा लिहिलं, "मी पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही." मला माझी जाऊ आठवली. शालन. माझ्या धाकट्या दिराची बायको. घर एकत्र होतं तेव्हा वाण्याकडून सामान आलं की आम्ही दोघी आधी पुड्या सोडायचो, डाळ डब्यात आणि कागद मांडीवर. अर्धी बातमी, अर्धी कथा, कुणाचं अर्धं भविष्य. अर्ध्या कथेचा शेवट ती एक सांगायची आणि मी दुसरा, आणि कालवण करपायचं. सासूबाई म्हणायच्या, "दोगींना एकाच चुलीपुढं बसवू नका." पण बसायचो आम्ही एकाच चुलीपुढे. वैदेहीची ती ओळ वाचून वाटलं, ही अगदी शालनसारखी आहे. आणि लागलीच वाटलं, शालनसारखी असेल तर जपून राहिलेलं बरं.

तर शालनचं सांगते. वाटण्या झाल्या त्यात रस्त्याकडचं रान दिरांना आलं आणि त्यामागचं आम्हाला. आमचा ऊस बाहेर काढायचा तर ट्रॅक्टर त्यांच्या बांधाकडेच्या वाटेनेच काढावा लागतो. वाटण्या झाल्यावरही वाट होतीच. मग एका वर्षी दिरांनी त्या वाटेवर कांदा लावला. ऊस तोडीला आला तेव्हा कांदा भरात होता. ते म्हणाले, कांदा निघू द्या. हे म्हणाले, तोडणीची टोळी थांबत नसती. टोळी पुढच्या गावाला गेली. पुन्हा आली तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता, उसाला तुरे आले होते, आणि मोळ्या डोक्यावरून रस्त्यापर्यंत वाहाव्या लागल्या. त्या उन्हाळ्यात दिरांनी वाटेवर बांधाला काट्या टाकल्या आणि अंगणात भिंत उठली. भिंत बांधायला दोघा भावांनी गवंडी मात्र एकच लावला.

एकत्र घरात एक रीत होती. जिला पहिली काजळी दिसेल तिने ओरडायचं, "काजळी!" की दोघी जिथे असू तिथून दोऱ्यांकडे धावायचो. भिंतीनंतर ती रीत संपली. मी गच्चीवर असले की तिचे धुतलेले पांढरे कपडे दिसायचे, त्यावर काळे ठिपके उतरताना दिसायचे, आणि मी तोंड मिटून आपले कपडे काढून खाली यायची. तीही माझ्या कपड्यांचं तसंच पाहत असणार. किती पांढऱ्या कपड्यांचं वाटोळं आम्ही असं गप्प राहून केलं ते आमचं आम्हाला माहीत. वाईट वाटायचं. पण ओरडायचं कुणी आधी, हे ठरत नव्हतं.

हे सगळं वैदेहीला कसं सांगणार? पण एकदा निघालंच. तिने विचारलं, "तुमच्याकडे वाचणारं आणखी कुणी नाही का?" मी लिहिलं, "एक जाऊ होती."

"गेल्या का?"

"नाही. भिंतीपलीकडे आहे."

मग आलं, "मग फार लांब नाहीत."

मला राग आला. पुण्यात बसून शहाणपण सांगायला काय जातं, असं मनात आलं. पण मोबाईल खाली ठेवल्यावर मी भिंतीकडे पाहिलं, हेही खरं.

आता मला सांगायचाय तो गेल्या वर्षीचा हंगाम. भोंगा वाजला, काजळी सुरू झाली. वैदेही तेव्हा दोन भागांतली एक कादंबरी वाचत होती. नदीकाठचं एक घर, त्यातली मुलगी पहिल्या भागाच्या शेवटी होडीत बसून निघून जाते. मी ती कादंबरी पूर्वीच वाचली होती, त्यामुळे आमच्या गप्पांना ऊत आला होता. आणि एका दुपारी तिने टाकलेल्या पानावर मला काळा ठिपका दिसला. फोटो बोटांनी मोठा केला. एक नव्हता, तीन होते. चिपाडाची राख कशी असते, लांबट आणि कडेला पिसासारखी, ते मला दाखवायला नको. दुसऱ्या दिवशी तिने त्याच पानावरची आणखी एक ओळ दाखवायला फोटो टाकला, तेव्हा पान स्वच्छ होतं. रेघ नाही, डाग नाही. म्हणजे तिने फुंकर मारली होती.

पुण्यातल्या बाईच्या पानावर काजळी, आणि तिला फुंकर माहीत. ही खोटी आहे. मग कुठली? श्रीगोंद्याकडची असू शकते, कोपरगावची असू शकते, कारखाने काय कमी आहेत? मी स्वतः नाशिकची होऊन बसले होते हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही. दुसऱ्याचं खोटं आपल्याला फार स्वच्छ दिसतं.

मग मी तिचं सगळं जुनं लिहिलेलं पुन्हा काढून वाचू लागले, पण आता वाचणं राहिलं नव्हतं, झडती चालली होती. ती म्हणाली होती, कादंबरीचा दुसरा भाग कुठेच मिळत नाही. पुण्यात? जिथे फुटपाथवरही पुस्तकं मिळतात तिथे? दुसरा भाग आमच्या वाचनालयातून हरवलेला आहे, तो मिळत नाही तो इथे. तेवढ्यात आमच्याकडे उसाचं संकट उभं राहिलं. मधली काही वर्षं आम्ही पलीकडच्या एका शेतकऱ्याच्या रानातून गाड्या काढत होतो, त्याने त्या वर्षी तिथे गोठा बांधला. वाटच उरली नाही. हे दिवसभर येरझाऱ्या घालत होते आणि माझं पानात लक्ष लागत नव्हतं. मी वैदेहीला लिहिलं, "काही दिवस वाचन बंद. द्राक्षाचा माल तयार आहे आणि बाहेर काढायला वाट नाही." नाशिकची म्हणून मला उसाची द्राक्षं करावी लागली.

तिने विचारलं, "द्राक्षाला ट्रॉली केव्हा येणार आहे?"

द्राक्षाला ट्रॉली? ट्रॉली लागते ती उसाला. मी मोबाईल पालथा ठेवला. इतक्या महिन्यांत जिला मी मनातलं सांगितलं ती बाई आहे का बाप्या, इथली का तिथली, वाचणारी का नुसती टेहळणारी, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मला भीती पुस्तकांची वाटत होती. उद्या ही खोटी निघाली तर त्या सगळ्या गप्पाही खोट्या निघणार. घट्ट मळलेलं पीठ, होडीतली मुलगी, सगळं. दुसरं कुणी नव्हतं मला. तरी तारीख कळवली. का कळवली ते आजही सांगता येत नाही.

टोळी यायच्या आदल्या सकाळी हे रानातून परत आले ते धापा टाकत.

"बांधावरच्या काट्या काढल्यात."

"कोनी?"

"कोनी म्हंजी? त्यांनीच. वाट मोकळी हाय. कांदा न्हाई, काय न्हाई, कुळवाची पाळी घालून ठेवलीय." हे ओट्यावर बसले आणि पाणी न पिताच म्हणाले, "यात काय तरी डाव हाय. आपला ट्रॅक्टर मधी गेला की फोटू काढतील आन् पोलिसात जातील."

मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघांनी दुपारभर त्या डावाचा विचार केला, पण डाव काही सापडला नाही. शेवटी ट्रॅक्टर आला. हे पुढे चालत, मी मागे. दीर विहिरीवर पाठ करून उभे होते. हे कडेने गेले तेव्हा ते वळले नाहीत, एवढंच म्हणाले, "चाक डावीकडं ठिवा, उजवीकडं दलदल हाय." बस्स. भरलेल्या ट्रॉल्या एकामागून एक रस्त्याला लागल्या, पाचटाचा आणि रसाचा वास रानभर झाला, आणि कुणी फोटो काढला नाही.

फोटो आला तो त्यानंतर. ग्रुपावर, वैदेहीचा. पान नेहमीसारखं तिरकं, पण या वेळी गच्चीच्या कठड्यावर ठेवून काढलेलं, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात, मागे लांब, दोरीवर वाळणारी एक गोधडी. हळदी रंगाची, मधोमध इस्त्रीचा तांबूस डाग.

ती गोधडी माझी होती. त्या वेळी माझ्याच दोरीवर होती. मी मोबाईल घेऊन बाहेर आले, गोधडीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या कठड्याकडे. तिथे कुणी नव्हतं. इस्त्रीचा तो डाग शालनच्या हातचा. ती शिवणकाम करते, तेव्हाही करायची, आणि तिच्या कपड्यांच्या तुकड्यांतूनच आम्ही दोघींनी ती गोधडी शिवली होती. दोऱ्याचं रीळ इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी, जी भाजीवाल्याची कोथिंबीर तपासते, ती तेवढं बघायला चुकले होते.

पहिल्यांदा संतापच आला. भिंतीपलीकडे बसून ही माझं सगळं ऐकत होती. जावेबद्दल मी काय काय लिहिलं ते आठवून कानशिलं तापली. हिने मला केव्हा ओळखलं? मग मी माझेच जुने फोटो काढून बघितले, आपण कुठे सापडलो ते शोधायला. पहिल्याच फोटोत सापडलं. माझ्या पुस्तकात खूण म्हणून खणाची एक पट्टी असते, हिरवी, कडेला बारीक दुहेरी टाक्याची. तो टाका शालनचा. पट्टी तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला करून दिली होती. भांडणात मी तिचं सगळं परत केलं होतं, पट्टी तेवढी पुस्तकात राहिली होती.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी महिनाभर तिला पकडत होते आणि ती सुरुवातीपासून मला ओळखून, माझ्याशीच बोलायला येत होती. मग ते "फार लांब नाहीत"? मग त्या काट्या? मी ओट्यावर बसले आणि रडले. ह्यांनी विचारलं तर सांगितलं, काजळी गेली डोळ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी कादंबरीचा दुसरा भाग मी भिंतीवर ठेवला. माझ्याकडे होता तो, जुन्या बाजारात घेतलेला. काजळी पडू नये म्हणून वर एक पातेलं पालथं घातलं. आणि मग, स्वभावच तो, खिडकीच्या फटीतून पाहत राहिले. चहाच्या वेळी एक हात वर आला, बांगड्या मी ओळखल्या, पातेलं आणि पुस्तक दोन्ही खाली गेलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दोन दिवसांनी पातेलं भिंतीवर परत आलं, वर ताटली झाकलेली, आत सोललेले कोवळे हरभरे. मी ते परातीत पसरून एकेक तपासले, कीड आहे का म्हणून. नव्हती. त्या संध्याकाळी उसळ केली, ह्यांनी दोनदा मागून घेतली आणि हरभरा कुठला ते विचारलं नाही.

त्यानंतर हंगाम संपला, उन्हाळा गेला, पाऊसही झाला. ग्रुपावर ती वैदेहीच राहिली आणि मी सुधा. होडीतली मुलगी परत आली का, यावर आमचं चांगलं आठवडाभर वाजलं. ती म्हणे, लेखकाने तिला उगाच परत आणलं. मी म्हणे, परत यायला काय हरकत आहे? पण तोंडाने एक शब्द नाही. वाटेत समोर आलो तर ती पदर सारखा करायची आणि मी चपलेकडे पाहायची. मला वाटू लागलं होतं की हिला मोबाईलवरची सुधाच हवी आहे, मी नको. सुधाशी तिचं भांडण नव्हतं. समोर बोललो तर भिंत, कांदा, डोक्यावरच्या मोळ्या सगळं मध्ये येणार, आणि आहे तेही जायचं. म्हणून मीही गप्प. ज्याला हात लावला की रेघ उठते त्याला हात लावू नये, असं मी स्वतःला समजावलं होतं.

आणि परवा भोंगा वाजला. आज सकाळी मी चादरी धुतल्या, पांढऱ्या, आणि त्या दोरीवर टाकून पायरीवर पुस्तक घेऊन बसले. हिरवी पट्टी गुडघ्यावर होती. ऊन चांगलं होतं. पान उलटणार तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"आक्का, कापडं काढा. काजळी पडाया लागलीय."

इतक्या वर्षांनी तो आवाज तसाच होता, जरा घसा साफ केल्यावर निघतो तसा. मी उठले. धावले म्हटलं तरी चालेल. दोरीपाशी जाऊन, सवयीने, आधी वर पाहिलं. आभाळ निळंशार होतं. चिमणीचा धूर पार उलटीकडे, नदीच्या बाजूला झुकला होता. मी चादरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. ठिपका नव्हता. एकही नव्हता. चादर अजून ओली होती.

भिंतीवर तिचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत होते. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी काय म्हणते याची वाट पाहत होती.

"व्हय गं शालन," मी म्हणाले, "लई पडतीय," आणि ओल्या चादरी दोरीवरून काढायला लागले.